‘लाइफ’ ही पोलिसी मालिका इतकी चांगली असूनही दोन सीझनमध्येच का बंद पडली?

माझ्या मते दोष मालिकेचा कमी आणि वाहिनीच्या कारभाराचा जास्त. २००७च्या सप्टेंबरमध्ये ती एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर सुरू झाली आणि नोव्हेंबरमध्ये हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी संप पुकारला. तो मिटायला फेब्रुवारी उजाडला. लोकांना कुठे नाव ओळखीचं होत होतं, तेवढ्यात पहिला सीझन ११ भागांवर आटोपला. दुसऱ्या सीझनला २१ भाग मिळाले, पण वार काही ठरेना. मध्ये शुक्रवारी रात्रीसुद्धा टाकून पाहिली. त्या वेळी अमेरिकेत टीव्हीसमोर बसतं कोण?

मग आला एनबीसीचा विनोदी सूत्रसंचालक जे लेनो. सोमवार ते शुक्रवार रोज रात्री दहाला त्याचा गप्पांचा कार्यक्रम लावायचं एनबीसीने ठरवलं. पाच मालिकांची जागा एका फटक्यात गेली. मालिकेपेक्षा असा कार्यक्रम खूप स्वस्त पडतो, एवढाच हिशोब. जेमतेम तग धरून असलेल्या ‘लाइफ’वर मे २००९मध्ये कुऱ्हाड पडली. आणि ज्यासाठी हा खटाटोप केला, तो लेनोचा कार्यक्रमही फेब्रुवारी २०१०मध्ये गुंडाळावा लागला!

पण खरं सांगायचं तर मालिका खपवायलाही अवघडच होती. चार्ली क्रूज हा लॉस एंजेलिसचा साधा गस्तीवरचा पोलीस. मित्राच्या कुटुंबाच्या खुनासाठी त्याला जन्मठेप होते. १२ वर्षं तुरुंगात काढल्यावर डीएनए चाचणीमुळे तो निर्दोष ठरतो. सरकारकडून त्याला कोट्यवधी डॉलरची भरपाई मिळते, वर पोलिसातली नोकरीही परत मिळते, तीही डिटेक्टिव्ह म्हणून. आता तो भल्यामोठ्या रिकाम्या बंगल्यात राहतो, जिथे फर्निचर जवळपास नाहीच. सतत फळं खातो, कारण तुरुंगात ताजं फळ मिळत नव्हतं. गाडीत झेन या बौद्ध पंथाच्या शिकवणीच्या टेप ऐकतो, आणि आपल्याला अडकवणारे कोण, याचा नकाशा बंद खोलीतल्या भिंतीवर जोडत बसतो.

जाहिरातींनी हा माणूस ‘विक्षिप्त पण हुशार’ म्हणून विकला. तसे तेव्हा दर दुसऱ्या मालिकेत होते. क्रूजची गंमत वेगळी आहे: तो शांत नाहीच. आत राग खदखदतोय आणि झेन हे त्याच्यावरचं झाकण. डेमियन लुइसने हे फार बारकाईने केलंय; त्याचं हसू नेहमी किंचित उशिरा येतं आणि तेवढ्या क्षणात आपल्याला त्याची भीती वाटते. (‘होमलँड’ या मालिकेने त्याला एमी हे टीव्हीचं मोठं पारितोषिक मिळवून दिलं ते नंतर, २०१२मध्ये.) त्याची जोडीदार डॅनी रीस व्यसनातून सावरलेली. क्रूजला हाकलता यावं म्हणून त्याच्या चुका कळव, असं वरिष्ठ तिला सांगतात. या दोघांमधला अविश्वास हळूहळू विरघळतो, तो मला मुख्य कटकथेपेक्षाही जास्त आवडतो.

दर आठवड्याच्या खुनाच्या केसेस मात्र सुमार ते बऱ्या, त्यापलीकडे नाहीत. आणि कटाचे धागे इतके लांबवले होते, की मधले दोन भाग चुकले तर नव्या प्रेक्षकाला कोण कोणाच्या बाजूचा हे कळेना. वार बदलत राहिलेल्या मालिकेला हे परवडणारं नव्हतं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी शेवटी रीसची भूमिका करणारी सारा शाही गरोदर असल्याने रीस पडद्यावर कमी दिसते. तिच्या जागी आलेली नवी जोडीदार वाईट नाही, पण मालिकेचा कणाच तिथे हलतो.

एक गोष्ट नशिबाने बरी झाली. शेवटचा भाग एप्रिल २००९मध्ये दाखवला गेला, तेव्हा मालिका बंद होणार हे अधिकृतपणे जाहीर व्हायचं होतं. तरीही लेखकांनी क्रूजचा मुख्य हिशोब त्यात चुकता केलाय. तेव्हा अर्धवट सुटेल या धास्तीने पाहिली नसेल, तर बिनधास्त सुरू करा. फक्त पहिल्या सीझनमधल्या माहितीपटासारख्या मुलाखती पळवू नका; क्रूज तुरुंगात गेल्यावर त्याच्या माणसांनी त्याच्याशी काय केलं, ते तिथेच कळतं.