‘लग्नाआधी ह्या कशाक?’

वेंगुर्ल्याजवळच्या गावातली ती मुलगी, वय 26, कारखान्यात काजूगर सोलायची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) माझ्याकडे आली तेव्हा मान-पाठ दुखते, एवढंच म्हणाली. आई बाहेर गेल्यावर तिने खांदा दाखवला. ब्रेसियरच्या पट्ट्यांनी खोल खाचा पडल्या होत्या. स्तनांखालच्या घडीत पुरळ. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तेव्हा तिथली कातडी सोलवटायची. डॉक्टरांनी स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया सुचवली होती.

“पण मॅडम, लोक म्हणतील, नखरे करते.”

हे वाक्य मी बऱ्याच जणींकडून ऐकलंय आणि दर वेळी जीव कळवळतो. सातवीपासून ही मुलगी खांदे पुढे ओढून, ओढणी सावरत चालत होती. मी म्हटलं, “डोक्यावर हंडा ठेवून दिवसभर बसवलं तर कुणाचीही मान दुखेल. तुला तर तो हंडा रात्रीही उतरवता येत नाही.” ती बराच वेळ रडली.

आईची काळजी वेगळी होती. “लग्नाआधी ह्या कशाक? उद्या पोराक दूध नाय इलां तर?”

खोटा दिलासा मी दिला नाही. शस्त्रक्रियेत स्तनाग्र आणि दूधवाहिन्यांचा जोड किती राखला जातो यावर बरंच अवलंबून असतं. अनेकजणी नंतर पाजतात, काहींना वरचं दूध द्यावं लागतं. हमी कुणी देऊ शकत नाही. व्रण राहतात, वर्षभराने फिकट होतात. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते. हे सगळं सर्जनना विचारायला मी दोघींकडून वहीत लिहून घेतलं.

निर्णयाला पाच महिने लागले. तेवढे लागायलाच हवे होते, असं मला वाटतं.

घाटावरच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. सहा आठवडे जड उचलायचं नव्हतं, पाणी मावशीने भरलं. खालच्या टाक्यांच्या सांध्यावर जखम उघडली, तीन आठवडे ड्रेसिंग चाललं. तेव्हा ती फोनवर म्हणाली, “चूक केली मी.” सुजेतला आकार कायमचा नसतो हे आधी बोललो होतो, तेच पुन्हा बोललो.

पुढच्या पावसाळ्यात पुरळ आलं नाही. मानेच्या गोळ्या सुटल्या. एका बाजूला अजून बधिरपणा आहे. आई म्हणाली, “आता चेडू ताठ चालता.”

दुधाचं उत्तर अजून मिळायचंय. परवा आलेल्या स्थळाला मात्र तिने स्वतःच सगळं सांगितलं.