जीबीएसमधून सावरताना

रुग्णालयातून घरी आल्यावरही पाय साथ देत नाहीत, म्हणून तुम्हाला वाटणारी धास्ती मी ओळखतो, कारण या आजारातून मीही गेलो आहे. गुलेन बॅरे सिंड्रोममध्ये, म्हणजेच जीबीएसमध्ये, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडे) किंवा प्लाझ्माफेरेसिसने (रक्तातला द्रव भाग वेगळा काढून बदलण्याच्या उपचाराने) तो हल्ला आटोक्यात आणता येतो, परंतु झालेली हानी शरीरालाच भरून काढावी लागते. केवळ तंतूंवरच्या आवरणाला इजा झाली असेल तर सुधारणा तुलनेने लवकर दिसते. आतला तंतूच निकामी झाला असेल तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने वाढतो, आणि कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर पाहिले की इतके महिने का लागतात ते कळते. त्यामुळे मांडीत बळ आल्यानंतरही चप्पल पायातून निसटल्याचे न कळणे किंवा शर्टाचे बटण न लागणे, यात घाबरण्यासारखे काही नाही.

फिजिओथेरपी नेमाने करा, पण थकेपर्यंत करू नका. हे मी आग्रहाने सांगतो, कारण घरची माणसे प्रेमापोटीच "अजून थोडे चाला" म्हणत राहतात, आणि अतिश्रमाने दुसऱ्या दिवशी अशक्तपणा वाढतो. थकवा हा आळस नव्हे, हे त्यांना डॉक्टरांकडूनच समजावून द्या. मुंग्या आणि रात्रीच्या वेदनांवर औषधे आहेत, ती मागायला संकोचू नका. मात्र अशक्तपणा पुन्हा वर चढू लागला, गिळताना ठसका लागला किंवा श्वास अपुरा वाटला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.