सेक्टरातलं गार्डन परत हिरवं कसं करायचं?

प्रश्न : आमच्या सेक्टरातल्या गार्डनची पार वाट लागलीय. मागच्या वर्षी कॉन्ट्रॅक्टरने झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकले, पावसात गुलमोहर आडवा झाला, आणि लॉन तर तीनदा लावलं तरी जळतं. आम्ही दहा-बारा जणी काही करू शकतो का? - एक वाचक, वाशी

उत्तर : करू शकता की ताई! पण आधी ते ब्लॉक, कारण मुळांना पाणी आणि हवाच मिळाली नाही तर वर काहीही लावा, काय उपयोग. बुंध्याभोवती निदान मीटरभर माती मोकळी करून द्या असा अर्ज वॉर्ड ऑफिसात द्या, फोटो जोडा आणि पोच घ्या (पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही समजा). फांदी छाटायची असली तरी स्वतः कोयता चालवू नका, १९७५ च्या झाडांच्या कायद्याने परवानगी लागते.

लॉनचं म्हणाल तर सोडाच, सावलीत ते टिकत नाही. तिथे पालापाचोळा पसरा, जाळू नका, त्याचंच खत होतं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, मुळं उथळ, म्हणून वादळात पटकन पडतो. त्याच्या जागी करंज लावा, वाशीचा बराच भाग खाडीत भराव टाकून केलेला, तिथली खारट माती करंज सहन करतो. ताम्हण पण छान, आपलं राज्यफूल आहे! रोपं जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की लावा, मेमध्ये उद्घाटनाच्या फोटोसाठी नको. आणि पुढचे दोन उन्हाळे पाणी कोण घालणार ते आत्ताच ठरवा, भांडणं तिथेच होतात.