बरोक काळातल्या कोरीव व्यक्तिचित्रांत चेहऱ्यापेक्षा कपड्यांवर जास्त मेहनत का दिसते?

तुम्ही विचारलंय की सतराव्या-अठराव्या शतकातल्या फ्रेंच कोरीव व्यक्तिचित्रांत लेस, रेशीम, फर इतकं हुबेहूब का, आणि हा फक्त श्रीमंतीचा देखावा होता का. देखावा होताच. चित्रातल्या माणसाला आपला हुद्दा मिरवायचा होता आणि कोरणाऱ्याला आपला हात.

तांब्याच्या पत्र्यावर ब्युरिन हे पोलादी हत्यार तळहाताने पुढे रेटत कोरतात, मग रेषांत शाई भरून कागदावर छाप घेतात. वळण हवं असेल तर दुसऱ्या हाताने, चामड्याच्या उशीवर ठेवलेला पत्राच फिरवायचा. दाब वाढला की रेष खोल आणि रुंद होते, जास्त शाई धरते. शाई एकच, काळी. करड्या छटा फक्त रेषांच्या जाडीतून आणि अंतरातून काढायच्या. साटीनची चमक, फरची लव, केसांची लड, प्रत्येकासाठी रेष वेगळी चालवावी लागते. म्हणून भरजरी पोशाख ही कोरणाऱ्याची खरी परीक्षा असे.

प्येर-अँबेर द्रव्हे याने चित्रकार रिगोच्या रंगचित्रावरून 1723 मध्ये कोरलेला बिशप बोस्युए पाहा. तेव्हा द्रव्हे पंचविशीच्या आसपास होता. लेस, रेशीम, फर, ग्रंथ, सगळं हाताला लागेल असं वाटतं. कौशल्य थक्क करणारं आहे, पण माझी नजर तिथे बिशपच्या चेहऱ्यावर टिकत नाही.

मला रोबेर नांतय (1623–1678) जास्त मोठा वाटतो. तो बहुतेकदा समोर बसलेल्या माणसाचं स्वतः रेखाटन करून मग कोरायचा. मानमरातब लंबगोल चौकटीत, नाव-पदव्यांच्या अक्षरांत आणि कुलचिन्हात आटोपतो. उरलेली सगळी ताकद चेहऱ्यावर: गालावर बारीक तुटक रेघा आणि ठिपके, हाडाच्या उतारासोबत वळणारे. फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईचा अर्थमंत्री निकोला फूके त्याने 1661 मध्ये कोरला. त्याच वर्षी सप्टेंबरात फूकेला अटक झाली. पद गेलं, पण ती थकलेली, हुशार नजर अजून तशीच आहे.

कोरणाऱ्यांचा स्वतःचा दर्जाही याच काळात वाढला. 1660 मध्ये लुईने सेंट-झां-द-ल्यूझच्या फर्मानाने उत्कीर्णनाला, म्हणजे या कोरीवकामाला, स्वतंत्र कला ठरवून कारागीर संघांच्या बंधनातून सोडवलं. त्याआधी 1658 मध्ये नांतय राजाचा अधिकृत रेखाटनकार-उत्कीर्णक झाला होता.

संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ही दोन्ही चित्रं शेजारी उघडा आणि आधी गाल मोठे करून पाहा, लेस नंतर.