दोन सामने मागे, सात सामने बाकी

प्रश्न : स. न. वि. वि. माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत क्लीव्हलँडला असतो. त्याच्या नादाने आम्हां खानापूरच्या मंडळींनाही बेसबॉलची गोडी लागली असून, तिथल्या गार्डियन्स संघाचा सामना असला की पहाटे साडेचारच्या सुमारास आमच्या घरात दिवा लागतो. सध्या आमच्यात एक पैज चालू आहे. समजा, सप्टेंबरअखेर गार्डियन्स हे डेट्रॉइट टायगर्सच्या दोन सामने मागे आहेत (म्हणजे त्यांचे विजय दोनने कमी आहेत), दोघांचेही सात सामने उरले आहेत, त्यांतले तीन एकमेकांशीच आहेत आणि आतापर्यंतच्या आपसातील दहा लढतींत पाच-पाच अशी बरोबरी आहे. अशा वेळी गार्डियन्सनी डिव्हिजन, म्हणजे दोघांचा पाच संघांचा गट, जिंकण्याची शक्यता किती? मुलगा म्हणतो, निम्मी-निम्मी. आयपीएलखेरीज काहीही न पाहणारे माझे मेहुणे म्हणतात, आधी नेट रनरेट बघा.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : मेहुण्यांच्या शंकेचे निरसन आधी करू, कारण ती आपल्या भागातील बहुतेक वाचकांच्या मनात येणारी आहे. 18 मे 2024 रोजी बेंगळुरू आणि चेन्नई यांचे गुण समान झाले, आणि बेंगळुरू पुढे गेले ते नेट रनरेटवर; त्या रात्री सामना नुसता जिंकून त्यांचे भागणार नव्हते, तो पुरेशा धावांनी जिंकावा लागणार होता. बेसबॉलच्या गुणतक्त्यात अशा फरकाला काहीही स्थान नाही. दहा-शून्य असा विजय आणि एक-शून्य असा विजय यांची किंमत तिथे सारखीच असते. संघांचे जय-पराजय सारखे झाले, तर पहिली कसोटी एकच असते: वर्षभरात एकमेकांविरुद्ध अधिक सामने कोणी जिंकले. पूर्वी अशा बरोबरीनंतर निर्णायक जादा सामना खेळवला जात असे; 2022 पासून ती प्रथा बंद झाली. 2023 पासून डिव्हिजनमधील प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी तेरा सामने होतात, आणि तेरा ही विषम संख्या असल्यामुळे सगळे सामने पार पडले तर या कसोटीचा निकाल लागतोच. 2025 मध्ये टोरांटो ब्ल्यू जेज आणि न्यूयॉर्क यँकीज या दोघांचेही 94 विजय आणि 68 पराभव झाले होते. आपसातील लढतींत टोरांटो 8-5 असे पुढे असल्याने डिव्हिजन त्यांना मिळाली, आणि यँकीजना वाइल्ड कार्डाच्या, म्हणजे डिव्हिजन न जिंकलेल्या संघांसाठी राखलेल्या दारातून बाद फेरीत यावे लागले.

आता आपल्या पैजेचा हिशेब. प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक, असे तूर्त धरू. हे गृहीतक वाटते तितके भाबडे नाही. 162 सामन्यांच्या हंगामात शंभर विजय मिळवणारा संघ बलाढ्य गणला जातो, म्हणजे तोही दहांतले जवळजवळ चार सामने हरतोच. उलट 2024 मध्ये 121 सामने हरून नाचक्की झालेल्या शिकागो व्हाइट सॉक्सनेसुद्धा 41 सामने जिंकले होते.

गार्डियन्सनी तिन्ही सामने जिंकले, तर दोनची पिछाडी जाऊन एकची आघाडी येते, आणि उरलेल्या चार सामन्यांत ती टिकण्याची शक्यता सुमारे 85 टक्के असते. मात्र तिन्ही सामने जिंकण्याची शक्यता मुळातच आठात एक आहे. तीनपैकी दोन जिंकण्याची शक्यता आठात तीन असून, त्यानंतरही गार्डियन्स एक सामना मागेच राहतात. पण आपसातला हिशेब 7-6 असा त्यांच्या बाजूने झालेला असल्यामुळे त्यांना केवळ बरोबरी साधली तरी पुरते, आणि ती किंवा त्याहून अधिक साधण्याची शक्यता सुमारे 36 टक्के येते. एकच सामना जिंकला, तर आशा नावापुरती उरते. तिन्ही गमावले, तर विषय तिथेच मिटतो. या सगळ्याची बेरीज केली असता शंभरात चोवीस-पंचवीस हे उत्तर मिळते. चिरंजीवांची निम्मी-निम्मी ही पुत्रसुलभ आशा झाली.

या हिशेबातली खरी गंमत त्या पाच-पाचमध्ये आहे. तक्त्यातली पिछाडी दोनच राहिली, पण आपसातील लढती पाच-पाचऐवजी चार-सहा असत्या, तर हीच शक्यता सोळा टक्क्यांवर घसरली असती, कारण तीनपैकी दोन जिंकूनही आपसातला हिशेब 6-7 असा टायगर्सच्या बाजूनेच राहिला असता. म्हणून वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर केवळ ‘इतके सामने मागे’ हा रकाना पाहून अंदाज बांधू नये. वसंतात सहज हातून सुटलेली एखादी लढत सप्टेंबरात अशी सव्याज वसूल होते.

नाणेफेकीचे गृहीतक बिघडवणारी मुख्य गोष्ट म्हणजे पिचर, अर्थात चेंडू टाकणारा खेळाडू. सुरुवात करणारा पिचर साधारण पाच दिवसांतून एकदाच मैदानात उतरतो, त्यामुळे त्या तीन दिवसांत कोणाची पाळी येते याला फार महत्त्व आहे. टायगर्सचा डावखुरा तारिक स्कूबल याने 2024 आणि 2025 अशी सलग दोन वर्षे अमेरिकन लीगमधील सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. असा गडी समोर असला की टक्का खाली येणारच. तरीही सप्टेंबर 2025 मध्ये तो स्वतः पिचिंगला असताना क्लीव्हलँडने टायगर्सना हरवले होते, हे आपल्या मुलाने आपल्याला एव्हाना दहा वेळा ऐकवले असेल. त्याच हंगामात जुलैच्या आरंभी साडेपंधरा सामने मागे असलेल्या गार्डियन्सनी शेवटी 88 विरुद्ध 87 विजयांनी डिव्हिजन पटकावली. (‘साडे’ येते ते दोन संघांचे खेळून झालेले सामने सारखे नसल्यामुळे.) पुढे बाद फेरीच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे वाइल्ड कार्ड मालिकेत, त्याच टायगर्सनी त्यांना त्यांच्याच मैदानावर 2-1 असे बाहेर काढले, तो भाग मुलगा बहुधा सांगत नसेल. घरच्या मैदानाचा फायदा मात्र बेसबॉलमध्ये माफकच असतो. त्याने टक्केवारीत थोडाच फरक पडेल.

आपण पहाटे उठणारच आहात, तर तीनपैकी पहिला सामना चुकवू नये. तो गार्डियन्सनी जिंकला, तर चोवीसचे जवळजवळ चाळीस टक्के होतात, आणि हरला तर नऊ. पैजेची रक्कम वाढवायची की मेहुण्यांशी गुपचूप तडजोड करायची, हे त्या दिवशी सकाळी आठच्या चहापर्यंत आपल्याला ठरवता येईल.