काटक की दमदार?

प्रश्न असा आहे : नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांच्यासारख्या लांब पल्ल्याच्या धावपटूंना बातम्यांत कधी ‘काटक’ म्हणतात, कधी ‘दमदार’. दोन्हींचा अर्थ एकच का? आणि ‘स्टॅमिना’ला यांतला कोणता शब्द चालेल?

अर्थ एक नाही. ‘दम’ म्हणजे श्वास. हा शब्द फारसीतला. ‘दमदार’मधला ‘दार’ आणि ‘बेदम’मधला ‘बे’ही तिकडचेच. (‘शम-दम’मधला दम संस्कृत. त्याचा अर्थ इंद्रियनिग्रह, त्याचा इथे संबंध नाही.) धावपटूचा दम प्राणवायूच्या हिशेबात मोजता येतो : वजनाच्या दर किलोमागे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती मिलिलिटर प्राणवायू वापरू शकतं. धडधाकट तरुणाचा हा आकडा साधारण ४० ते ४५ असतो, अव्वल पुरुष धावपटूंचा ७० ते ८५. हृदय एका ठोक्याला किती रक्त फेकतं आणि त्या रक्तात हिमोग्लोबिन किती आहे, यावर तो मुख्यतः ठरतो. म्हणूनच शरीरात लोह कमी पडलेल्या मुलीला सराव चोख असूनही लवकर दम लागतो. ‘स्टॅमिना’ला ‘दम’ हाच शब्द घ्यावा. ‘दमसास’ गायकासाठी राखून ठेवावा, कारण त्यात एका श्वासात किती वेळ टिकता येतं हे अभिप्रेत असतं.

‘काटक’ची गोष्ट निराळी, आणि मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. काटकुळा माणूस नुसता बारीक असतो; काटक माणूस अंगानं सडपातळ असून कष्टाला चिवट असतो. धावण्याच्या शास्त्रात याच्या अगदी जवळ जाणारी कल्पना आहे : ठरावीक वेगाला किती प्राणवायू खर्च होतो. दोघांचा दम सारखा असला तरी कमी खर्चात तोच वेग राखणारा पुढे जातो. पोटऱ्या हलक्या असल्या आणि टाचेवरची जाड शीर (पोटरीला टाचेशी जोडणारी) स्प्रिंगसारखी ताण साठवून परत देत असली, की खर्च उतरतो. पायाच्या टोकाचं वजन सर्वांत महाग पडतं, कारण ते प्रत्येक पावलाला झुलवावं लागतं. प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वाढले की खर्च सुमारे १ टक्क्यानं चढतो. खर्चाची ही काटकसर काटकपणातच आहे असं म्हणावंसं वाटतं, पण ‘काटकसर’ हा शब्द ‘काट’ आणि ‘कसर’ मिळून झाला आहे. त्याचं ‘काटक’शी नातं जोडू नये.

‘जन्मजात काटक’ हा प्रयोग मात्र टाळावा. नाशिक जिल्ह्यातल्याच पेठ, सुरगाणा तालुक्यांतल्या मुलांबद्दल तो सर्रास होतो. पायाची ठेवण आनुवंशिक असते हे खरं. एकच सराव करूनही दोघांचा दम सारखा वाढत नाही, त्यातही आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो. पण काटकपणा अंगात मुरतो तो लहानपणापासूनच्या चढउतारावरच्या चालण्यानं आणि पुढे वर्षानुवर्षांच्या पळण्यानं. कविता राऊत यांच्या २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेतल्या १०,००० मीटरच्या रौप्यपदकाला ‘जन्मजात’ म्हटलं की ही सगळी मेहनत पुसली जाते.

याच बातम्यांत ‘डोंगरातल्या शुद्ध हवेमुळे दम वाढतो’ असंही वाचायला मिळतं. दम वाढवते ती विरळ हवा. धावपटूंच्या सरावासाठी प्रसिद्ध असलेलं केनियातलं इतेन गाव सुमारे २,४०० मीटरवर आहे. तिथेही हवेत प्राणवायूचं प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपासच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे रक्तात प्राणवायू कमी उतरतो, मूत्रपिंडं एक संप्रेरक सोडतात आणि अस्थिमज्जा जास्त तांबड्या पेशी बनवते. त्यासाठी साधारण २,००० मीटरच्या वर तीन-चार आठवडे राहावं लागतं. नाशिक ६०० मीटरच्या आसपास आहे, आणि जिल्ह्यातला साल्हेर किल्लाही १,५६७ मीटरवरच थांबतो. नाशिकची हिवाळ्यातली पहाट धावपटूला मानवते ती गारव्यामुळे : अंगातली उष्णता लवकर निघून जाते आणि लांबचं पळणं वेग न मोडता पुरं होतं. तेव्हा इथे ‘गार हवा’ लिहावं.