कोपऱ्यातली जागा

तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. घराबाहेर पडण्यापूर्वी तीन-तीन वेळा शौचाला जावे लागणे, प्रवासात मध्येच येणारा मुरडा, बैठकीत ऐन शांततेच्या क्षणी गुडगुडणारे पोट, सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्यावर डॉक्टरांनी केलेले आयबीएसचे, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम या आतड्याच्या विकाराचे निदान आणि "तू फार मनावर घेतेस" असे म्हणणारा नवरा, हे सारे तुम्ही सविस्तर लिहिले आहे. आणि नवऱ्याला समजवायचे कसे, एवढेच शेवटी विचारले आहे. नवऱ्याकडे मी नंतर येईन, आणि फार वेळ थांबणारही नाही. माझे मन अडकले ते तिसऱ्या पानावरच्या एका वाक्यापाशी, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकले आहे : "ऑफिसात मायग्रेन असल्याचे सांगितले आहे, त्यामुळे साहेबांनी मला आतल्या शांत कोपऱ्यात जागा दिली."

त्या कोपऱ्यापासून स्वच्छतागृह किती लांब आहे, हे तुम्हीच आदल्या पानावर सांगितले आहे. सबंध मजला ओलांडून, 21 टेबलांसमोरून जावे लागते. टेबले तुम्ही मोजली आहेत, आणि प्रत्येकावरचा माणूस मान वर करतो की नाही, हेही तुम्हाला पाठ आहे.

म्हणजे एका भल्या माणसाने तुमच्या त्रासाची दखल घेतली, तातडीने उपायही केला, आणि तो उपाय तुम्हाला नसलेल्या आजारावर झाला. शेजारची सहकारी तुमचा चेहरा उतरलेला दिसला की तुमच्या डोक्यावरचा दिवा मालवते आणि बामची बाटली पुढे करते. तुम्ही लिहिता की तिला वाईट वाटू नये म्हणून तो बाम तुम्ही कपाळाला लावता. पोटात कळ, कपाळावर बाम! ओठात एक आणि पोटात एक, ही म्हण इतकी शब्दशः जगणारी बाई मला तरी आजवर भेटली नव्हती.

तुम्ही मायग्रेनच का निवडला, हे मला कळते. डोके हा प्रतिष्ठित अवयव आहे; ते दुखले तर माणूस विचारी वाटतो, पोट बिघडले तर हास्यास्पद. (शौच या शब्दाचा मूळ अर्थ शुद्धी असा आहे, तरी तो आपण कुजबुजल्याशिवाय उच्चारत नाही.) पण तपासण्या नॉर्मल आल्या म्हणजे आपला आजार सांगण्याजोगा नाही, असे तुम्ही मनाशी धरले असेल, तर मायग्रेनही स्कॅनमध्ये दिसत नसतो. तो रुग्णाच्या सांगण्यावरूनच ओळखतात, आणि आयबीएसही तसाच ओळखतात. डॉक्टर ज्यांना रोम निकष म्हणतात, त्यांच्या 2016 च्या आवृत्तीत हे स्पष्ट लिहिलेले आहे : गेले 3 महिने सरासरी आठवड्यातून किमान 1 दिवस पोटदुखी, आणि तिच्याबरोबर शौचाशी असलेला संबंध, शौचाला किती वेळा जावे लागते त्यातील बदल व मलाच्या स्वरूपातील बदल यांपैकी किमान 2 गोष्टी. शिवाय त्रासाची सुरुवात निदानाच्या किमान 6 महिने आधी झालेली असावी लागते. मनावर घेण्याचा उल्लेख त्या निकषांत कोठेही नाही.

आता नवरा. तुमचा आजार खरा मानत नाही म्हणून तुम्ही त्याच्यावर रागावला आहात. पण रोजचे आठ तास हा आजार नाहीच, असे तुम्ही स्वतः वागता. त्याला समजवण्याचा अधिकार मग कोठून आणणार?

आणि हे सोंग फुकट चालत नाही. या विकारात अनेकदा आतड्याची संवेदना तीव्र झालेली असते. इतरांना जाणवणारही नाही असा वायूचा किंवा मलाचा ताण तुम्हाला कळ म्हणून जाणवतो. आतडे आणि मेंदू यांच्यात निरोपांची ये-जा सतत चालू असते, त्यामुळे धास्तावलेला मेंदू आतड्याची हालचाल बदलू शकतो आणि ढवळलेले आतडे मेंदूला आणखी धास्तावते. भीतीने पोटात गोळा येतो, हे आपल्या भाषेला फार आधीपासून ठाऊक आहे. तो गोळा उठवायला 21 टेबलांचा रस्ता पुरेसा आहे, वर मनात खोटे सांभाळण्याचे ओझे. दिवसभर उपाशी राहून रात्री भरपेट जेवण्याची तुमची युक्तीही सोडा. अन्न पोटात पडले की मोठे आतडे आपोआप आकुंचन पावते, आणि जेवण जितके जड, तितका तो झटका जोराचा. मलावाटे रक्त पडले, वजन आपसूक घटू लागले किंवा त्रासाने झोपेतून जाग येऊ लागली, तर मला न लिहिता थेट डॉक्टरांकडे जा.

सोमवारी कामाला बसण्यापूर्वी साहेबांच्या खोलीत जा आणि उभ्या उभ्याच सांगा : "मला मायग्रेन नाही. मला आतड्याचा जुना विकार आहे, डॉक्टरांनी तो तपासून सांगितला आहे, आणि मला स्वच्छतागृहाजवळची जागा हवी आहे. आधी खरे सांगायला मला संकोच वाटला." तीन वाक्ये पुरेत. लक्षणांचे वर्णन करू नका, क्षमायाचनेचे पाल्हाळ लावू नका, आणि ते गोंधळून गप्प बसले तर ती शांतता भरून काढायला काही बोलू नका. ज्या माणसाने न असलेल्या डोकेदुखीसाठी टेबल हलवले, तो असलेल्या पोटासाठी ते पुन्हा हलवील, असा माझा अंदाज आहे. मग शेजारणीला तिची बाटली परत द्या आणि का देत आहात तेही सांगा. ती हसली तर हसू द्या, तुम्हालाही हसू येईल.

नव्या जागेपासून दरवाजापर्यंत किती टेबले आहेत, ते मात्र मला मोजून कळवू नका.